शेंदूर फासलेली आर्थिंग

सर्व थोरामोठ्यांस, पाटील-पटवाऱ्यांस, आणि रोज सकाळी छातीवर हात ठेवून ‘आहे, चालू आहे’ अशी खात्री करून घेणाऱ्या तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, परभणी गावात माणसाच्या काळजाची तपासणी यंत्रावर सुरू झाली तेव्हा असा निष्कर्ष निघाला की इथल्या सगळ्यांचं काळीज अगदी एकसारखं आहे. गरीब-श्रीमंत, हिंदू-मुसलमान, नवरा-बायको, कसलाही भेद नाही. सगळ्यांचं काळीज सेकंदाला पन्नास वेळा धडधडतं, आणि पॉवर हाऊसचं इंजिन बंद पडलं की तेही त्याच क्षणी बंद पडतं.

हा निष्कर्ष निघाला तेव्हा मी तिथं हजर होतो. किंबहुना मला तिथं बोलावलं होतं ते या निष्कर्षाचं काहीतरी करा म्हणूनच.

निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही नुकतेच हैदराबादेतून उठून मुंबई राज्यात येऊन बसलो होतो. म्हणजे बसलो होतो तिथंच, वरचं राज्य तेवढं बदललं होतं. मी तेव्हा ऐन पंचविशीत होतो आणि स्टेशनच्या रस्त्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होतो. लोक घूं घूं करणारे रेडिओ आजारी कोकरासारखे छातीशी धरून आणायचे आणि मी त्यांची पोटं उघडून ती घूं घूं काढायचो. कधी घूं घूं जायची, कधी घूं घूं राहून गाणं जायचं. पण गावात दुसरा कोणी नसल्यामुळे माझी कीर्ती चांगली होती.

म्हणूनच डॉक्टरसाहेबांनी निरोप पाठवला. हैदराबादेत शिकून आलेला, देखणा, अतिशय गंभीर माणूस. हसायचं असलं तरी आधी चष्मा काढून ठेवायचा. त्यांनी हैदराबादच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून काळजाची रेघ काढणारं यंत्र आणलं होतं. लाकडी पेटी, पोटात काचेचे व्हॉल्व्ह, आणि वर एक तापलेली सुई. माणसाच्या हातापायांना पट्ट्या बांधायच्या, तारा जोडायच्या, की मेणकट कागद सरकायला लागायचा आणि सुई त्यावर त्या माणसाच्या काळजाचे चढउतार काढायची. निदान पुस्तकात तरी काढायची. परभणीत ती नुसते करवतीचे दाते काढत होती. अगदी एकसारखे, एकमेकांना चिकटून, कागद संपेपर्यंत.

मी गेलो तेव्हा डॉक्टरसाहेबांनी स्वतःची रेघ दाखवली. करवत. मग कंपाउंडरचाचांची दाखवली. करवत. हे चाचा दवाखान्याच्या आधीपासून त्या इमारतीत असावेत असं वाटायचं. पांढरी दाढी, काळी टोपी, आणि बोलणं सगळं दखनीत. त्यांनी बाजारातून आणलेलं टरबूज टेबलाखाली ठेवलं होतं, घरी न्यायला. ते पाहिलं आणि मला राहवलं नाही.

"डॉक्टरसाहेब, ह्याची काढू?"

"तुम्ही चेष्टा करायला आलात की दुरुस्तीला?"

"दोन्ही येतं मला."

टरबुजाला चार पट्ट्या बांधायला वेळ लागला, कारण त्याला हातपाय कुठं असावेत याबद्दल चाचांचं आणि माझं एकमत होईना. पण बटण दाबलं आणि सुई धावायला लागली. करवत. डॉक्टरसाहेबांची रेघ आणि टरबुजाची रेघ शेजारी धरली तर कुठली कोणाची हे सांगणं अवघड होतं. डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढला, पण ते हसले नाहीत.

चाचा मात्र टरबुजाकडे बघत राहिले. "देखो साब. इसको भी दिल है. अब मैं इसको काटूं कैसा?"

टरबुजानं आमचं मोठं काम केलं. यंत्र काळीज वाचतच नव्हतं. भिंतीतल्या तारांतून पॉवर हाऊसची वीज वाहते, तिची घूं घूं हवेतून कोणाच्याही अंगावर येऊन बसते, माणसाच्या तशी टरबुजाच्या, आणि यंत्र ती घूं घूं मोठी करून कागदावर काढत होतं. काळजातून निघणारी वीज बिचारी इतकी बारीक असते की काय सांगावं. जत्रेत बँड वाजतोय, आणि पलीकडच्या टोकाला बसलेल्या म्हातारीनं जिभेनं ‘च्च’ केलेलं तुम्हाला ऐकायचंय, असा प्रकार. आमचा व्हॉल्व्ह म्हातारीला मोठं करायला निघाला होता आणि बँड मोठा करून बसला होता.

डॉक्टरसाहेबांनी पुस्तक उघडून मला समजावलं की यंत्र बनवणारे काही वेडे नव्हते. यंत्र दोन्ही हातांकडून येणारी वीज ऐकतं, दोन्हींत जे सारखं असेल ते टाकून देतं आणि फरक तेवढा मोठा करतं. बँड दोन्ही हातांना सारखाच ऐकू येतो, म्हणून तो गळून पडायला हवा. मला हे लगेच पटलं, कारण माझी आई दोन सुनांची गाऱ्हाणी अशीच ऐकायची. दोघी एकच बोलल्या तर तिच्या कानात काही शिरायचं नाही, दोघींच्या बोलण्यात फरक पडला की मात्र कान टवकारायचे. पण एका सुनेच्या तोंडात पान असलं तर? तिचं तेच बोलणं वेगळं ऐकू येणार आणि भलताच घोळ होणार. तसंच इथं. एका हाताची पट्टी घट्ट, दुसरीची सैल, एकीखालचं कातडं ओलं, दुसरीखालचं कोरडं, की संपलं. बँड परत आत.

आम्ही हे बोलत असतानाच ती दोघं आली.

राणीसावरगावाकडचं मेंढपाळ जोडपं. तो उंच, वाळका, खांद्यावर घोंगडी. ती ठेंगणी, त्याच्यापुढं दोन पावलं. बसायला सांगितलं तर तो बसला, ती उभीच राहिली, आणि बोलली तीच.

"डाक्टरसाब, ह्यांचं काळीज बघा. चालता चालता ठेचकाळतंय म्हनत्यात."

"ठेचकाळतंय म्हणजे?" डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं.

"म्हंजी," तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "चाललं चाललं, आन् मधीच पाय चुकल्यागत करतंय. मंग दनकन परत चालायला लागतंय."

"ह्यांचा थोरला भाऊ असाच गेला," बायको म्हणाली. "गंगेच्या कडंला मेंढरामागं चालायलता. खाली बसला, ते बसलाच. तवापासनं ह्ये बाजंवर हायेत. दिवाळीपासनं. मेंढरामागं मी एकली."

गंगा म्हणजे गोदावरी. आणि बाकीचा हिशेब तिनं सरळ मांडला. एकटीला आता मेंढरं झेपत नव्हती. मानवतचा एक व्यापारी सगळा कळप घ्यायला तयार होता आणि येत्या सोमवारी ट्रक घेऊन येणार होता. कळप गेला की दोघांनी लोकांच्या रानात रोजानं जायचं. तिला कोणीतरी सांगितलं होतं की परभणीत काळीज बघायचं मशीन आलंय. ती नवऱ्याला घेऊन गंगाखेडापर्यंत मोटारीनं आणि तिथून आगगाडीनं आली होती.

"मशीन काय म्हनतंय ते कळल्याबिगर मी एक मेंढरू देनार न्हाई," ती म्हणाली. "काळीज खरंच फुटलं आसंल तर इकीन. आमच्या ह्यांच्यापरीस मेंढरं जास्त न्हाईत मला." थोडं थांबून तिनं भर घातली, "तशी हायेत म्हना लय गुनाची."

नवऱ्यानं जमिनीकडे बघितलं. तो माणूस ढोंगी नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. तो घाबरलेला होता. थोरल्याला त्यानं स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं.

डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं. ठोका मध्येच चुकत होता हे खरं. पण तो नुसता खोडकरपणा होता की आत काळजाला जखम झाली होती, हे नळी सांगू शकत नव्हती. ते यंत्रच सांगणार होतं. पट्ट्या बांधल्या. बटण दाबलं. करवत.

बायकोनं कागदावर वाकून पाहिलं. "ह्ये काय हाय?"

"ही वीज आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. "लाईटची वीज त्यांच्या अंगात शिरतेय."

"आमच्या गावात आजून लाईट न्हाई," ती म्हणाली. "मंग ह्यांच्यात कुठून शिरली?"

डॉक्टरसाहेबांनी पट्ट्या सोडल्या. शनिवारी या म्हणाले. झरीला तिची बहीण दिलेली होती, तिथं मुक्काम करायचं ठरलं. जाताना डॉक्टर तिला एवढंच म्हणाले, "यांना घासून आंघोळ घालून आणा. अंगावर मेंढराच्या लोकरीचं तेल आहे, त्यावर पट्टी नीट बसत नाही."

"घासते की," ती म्हणाली. तिच्या नवऱ्यानं तिच्याकडे जसं बघितलं त्यावरून मला कळलं की ही बाई शब्दाला पक्की आहे.

मधल्या दिवसांत मी आणि डॉक्टरसाहेबांनी जो पराक्रम केला तो मी आजवर अनेकांना सांगितला आहे आणि दर वेळी त्यात थोडी वाढ होते, तेव्हा इथं जपून लिहितो. पंखा बंद केला. भिंतीवरची बत्ती काढली. खाट भिंतीपासून ओढून मधोमध आणली. हातापायांच्या तारा सुट्या लोंबत होत्या, त्या मी एकमेकींत घालून पोरीच्या वेणीसारख्या घट्ट गुंफल्या, म्हणजे घूं घूं आली तरी सगळ्यांत सारखी यावी. पुस्तकात लिहिलं होतं की पेशंटला धातूच्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवावं आणि जाळी जमिनीला जोडावी. मी बाजारातून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणली आणि खाटेभोवती उभी केली. दवाखान्यात आलेल्या लोकांना वाटलं डॉक्टरांनी जोडधंदा काढला.

करवत बारीक झाली, पण गेली नाही. शेवटी मी अंगणात आर्थिंग बघायला गेलो.

आर्थिंग म्हणजे जमिनीत ठोकलेला तांब्याचा गज. यंत्रातली, जाळीतली, खाटेतली सगळी उपरी वीज तारेनं त्या गजाकडे न्यायची आणि जमिनीत सोडून द्यायची. तो गज मी धरून हलवला आणि तो मुळ्यासारखा माझ्या हातात आला. आमची काळी जमीन चैत्र-वैशाखात कशी भेगाळते ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. भेगेत कोपरापर्यंत हात जातो. गज अशाच एका भेगेत होता. जमिनीत नव्हे, जमिनीतल्या हवेत उभा होता. सगळी घूं घूं तिथपर्यंत जात होती आणि दार बंद बघून परत येत होती.

मग आम्ही खड्डा खणला. त्यात कोळसा, त्यावर मीठ, परत कोळसा, परत मीठ, मधोमध गज, आणि वरून घागरभर पाणी. गजाचं टोक वर राहिलं, त्याला तार कसून आवळली. रोज सकाळी पाणी घालायचं काम चाचांनी घेतलं. वुजू करून, म्हणजे नमाजाआधीसारखे हातपाय धुऊन, टोपी नीट करून ते घागर ओतायचे. त्यांचं म्हणणं, काम दवाखान्याचं आहे, त्यात काय घाई.

आत येऊन यंत्र लावलं. डॉक्टरसाहेब खाटेवर आडवे झाले आणि परभणीत प्रथमच कागदावर एक खरी रेघ आली. लहान टेकडी, उंच सुळका, पुन्हा टेकडी. मधे स्वच्छ सरळ. डॉक्टर बराच वेळ ती बघत राहिले. स्वतःचं काळीज पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाला काय वाटत असेल कोण जाणे. ते म्हणाले, "नॉर्मल." आणि चष्मा काढून ठेवला.

मग आम्ही टरबूज लावलं. रेघ सपाट आली. इकडून तिकडे एक खळगा नाही.

चाचांनी कागद हातात घेतला. "इन्तकाल हो गया बेचारे का," ते म्हणाले आणि सुरी आणायला गेले. टरबूज आतून लाल आणि रवाळ निघालं. डॉक्टरसाहेबांनी दोन फोडी खाल्ल्या.

आता या सगळ्यात मी एक काम केलं होतं, ते सांगायला हवं, कारण पुढचं रामायण त्यातून झालं. अंगणात कडुलिंबाच्या झाडाखाली पेशंटांची आणि त्यांच्या सोयऱ्यांची बसउठ असायची. कोणी तारेत पाय अडकवून पडू नये म्हणून मी गजाभोवती विटांचं गोल कडं केलं आणि सगळ्यांना दम भरला, "चपला घालून ह्या कड्यात यायचं नाही." तार पायात येऊ नये एवढाच हेतू. पण तुम्हीच विचार करा. झाडाखाली विटांचं कडं, त्यात तांब्याचा गज, रोज सकाळी एक दाढीवाला माणूस त्याला पाणी घालतो, मधूनमधून मीठ वाहतो, आणि डॉक्टर कोणाचंही काळीज बघण्याआधी एकदा बाहेर येऊन त्या गजाला हात लावून जातात. तार घट्ट आहे ना हे बघायला. तिथं चपला घालून जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी गजाला हळदीकुंकू लागलं होतं. तिसऱ्या दिवशी झेंडूचं फूल आणि नारळाची शेंडी.

डॉक्टरसाहेब संतापले. "हे पुसून टाका."

"राहू द्या हो," मी म्हणालो. "कुंकवानं वीज अडत नाही. उलट रोज जास्तीचं पाणी पडतंय."

आणि खरंच पडत होतं. एक म्हातारी तांब्याभर पाणी घालून चालली होती. तिनं मला विचारलं, "ह्यो कोन्चा देव म्हनायचा, बाळा?" मी म्हणालो, "काळजाचा." आता याला खोटं कसं म्हणायचं ते मला अजूनही सांगता येत नाही.

शनिवार उजाडला.

ती दोघं झरीहून सकाळच्या गाडीनं आली. मी पोचलो तेव्हा तो व्हरांड्यात बसला होता आणि उकडलेल्या बटाट्यासारखा दिसत होता. बायकोनं त्याला विहिरीवर वज्रीनं घासलं होतं, पायाच्या टाचा घासायच्या त्या खरबरीत वज्रीनं, गळ्यापासून घोट्यापर्यंत. हात लाल, पाय लाल. डॉक्टरसाहेबांना इतका स्वच्छ पेशंट जन्मात मिळाला नव्हता.

त्याला जाळीच्या आत घेतलं तसा तो म्हणाला, "मेंढरं वाघरीत घालतो रातच्याला आमी. आज मला घातलं." वाघर म्हणजे त्यांचं रात्रीचं जाळ्याचं कुंपण. तो पहिल्यांदाच काही गमतीचं बोलला होता, म्हणून मी मोठ्यानं हसलो. बाकी कोणी हसलं नाही.

पट्ट्या बांधल्या. बटण दाबलं.

करवत. आणि ही आधीपेक्षा मोठी. दाते असे की लाकूड कापावं.

मला वाटलं घोंगडीचा दोष. तो ती अंगाखालून काढायला तयार नव्हता. वाळल्या उन्हाळ्यात लोकरीची घोंगडी हलली की तडतड ठिणग्या उडतात आणि सुई भलत्या उड्या मारते. शेवटी बायको म्हणाली, "द्या की इकडं. पळवून न्हाई नेत कुनी." आणि तिनं ती ओढून घेतली. सुईच्या उड्या थांबल्या. करवत होती तशीच.

मी पट्ट्या सोडून पुन्हा बांधल्या. खाट हलवली. वेणी उसवून पुन्हा घातली. पेटी उघडून व्हॉल्व्ह काढले, फुंकले, बसवले. डॉक्टरसाहेब पुस्तकाची तीच पानं पुन्हा पुन्हा उलटत होते. कालपर्यंत हेच यंत्र टरबुजाच्या मृत्यूची ग्वाही देत होतं आणि आज जिवंत माणसाचं काळीज त्याला दिसत नव्हतं. जाळी लावून उलट वाढलंय असं मला वाटायला लागलं, आणि ते खरंच होतं. जाळी, खाट, यंत्र, सगळं एका तारेला टांगलेलं होतं, आणि ती तार कुठंच जात नसली तर एवढं लोखंड म्हणजे घूं घूं पकडायला लावलेलं मोठं सूप. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. आर्थिंग आम्हीच केलेली, ती वाईट कशी असेल. डॉक्टरसाहेबही त्या दिवशी घाईत गजाला हात लावायला बाहेर गेले नव्हते.

डॉक्टरांनी शेवटी पुस्तक मिटलं. "बाई, आज नाही होत. तुम्ही यांना हैदराबादला न्या."

"हैद्राबादला," ती म्हणाली. जसं कोणी चंद्रावर म्हणावं. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "सोमवारी टरक येनार हाय."

"यिऊ दी," नवरा खाटेवरून म्हणाला. "दिऊन टाक समदी."

तिनं घोंगडीची घडी केली, काखेत घेतली आणि बाहेर गेली. ती रडली असती तर बरं वाटलं असतं. खिडकी उघडी होती, आणि अंगणातून तिचा आवाज यायला लागला. ती कोणालातरी झापत होती. मला वाटलं गाडीवाल्याला. पण ती बोलत होती गजाशी.

"काय कमी केलं रं तुला? शनवार म्हनून तेल घातलं. शेंदूर फासला, ह्यो आस्सा जाड. ती मेली तार आडवी येत हुती, तीबी सोडली, तुला आंगभर फासला, परत गुंडाळली. आजून काय पायजे तुला? बोकड?"

मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "तार सोडली," ते अगदी हळू म्हणाले, आणि पुस्तक टाकून असे धावले की जाळीचं एक टोक बरोबर घेऊन गेले.

बाहेर येऊन बघतो तर आमचा गज गायब आणि त्याच्या जागी केशरी, तुकतुकीत, बोटभर जाड शेंदराचा खांब. शेंदूर तेलात कालवलेला, वर आणखी तेल ओघळलेलं. आणि त्या सगळ्यावर माझी तार, नीट, प्रेमानं, फुलाच्या माळेसारखी गुंडाळलेली. तांब्याला तांबं कुठंच लागत नव्हतं. मधे तेलाची गादी. रेडिओच्या धंद्यात वीज अडवायला आम्ही मेण लावतो, तेल वापरतो. या बाईनं ते काम माझ्यापेक्षा चांगलं केलं होतं.

"तार का सोडली, बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

ती चकित झाली. "देवाला बांधून ठिवून शेंदूर कसा फासायचा? तुमीच सांगा."

आता काय करायचं हे सगळ्यांना दिसत होतं आणि करायला कोणी तयार नव्हतं. लिंबाखालची सगळी मंडळी उठून उभी राहिली होती. कुबडीवाला एक म्हातारा म्हणाला, "चढलेला शेंदूर खरवडत्यात व्हय? ह्या दवाखान्यातून मानूस जिता जायचा न्हाई." चाचांकडे बघितलं तर ते दोन पावलं मागं सरकले. "मेरे हात से नक्को, साब. पानी बोलो, मीठ बोलो, ये नक्को." मी पुढं होणार होतो. पण कड्यात चपला घालून येऊ नका असं सगळ्यांना बजावणारा मीच, आणि आता मीच खरवडणारा, हे काही माझ्या पायांना पटेना. डॉक्टरसाहेब शास्त्राचे एवढे मोठे भक्त, पण त्यांनीही चष्मा काढून पुसायला घेतला.

"ह्याच्यानं मशीन आंधळं झालं?" तिनं विचारलं.

"हो, बाई. तेलानं."

"तेल काढलं की दिसंल?"

"दिसेल."

तिनं एकदा खिडकीकडे पाहिलं. आत तो जाळीत पडून होता. मग तिनं घोंगडी खाली ठेवली, चपला कड्याबाहेर काढल्या, गजाला हात जोडले आणि बोचक्यातून वज्री काढली.

"सकाळी ह्यांना घासलं," ती गजाला म्हणाली. "आता तुझी पाळी. राग धरू नगं. न्हाऊन घे."

आणि ती घासायला लागली. चहाच्या चुलीतली राख मागून घेतली, राख आणि वज्री. केशरी ओघळ कोळशात उतरायला लागले. कुबडीवाला म्हातारा तोंड फिरवून उभा राहिला आणि मधूनमधून मान वळवून बघत राहिला. शेवटी गज नव्या पातेल्यासारखा चमकायला लागला. मी तारेचं टोक घासलं, कड्यात शिरलो, चपला काढायला विसरलो होतो तर तिनं नुसतं माझ्या पायांकडे बघितलं, म्हणून परत बाहेर येऊन काढल्या, आणि तार कसून आवळली. चाचांनी घागर ओतली. कोणीतरी उरलेला शेंदूर लिंबाच्या बुंध्याशी एका दगडाला लावला, आणि देवानं मुकाट्यानं तिकडे मुक्काम हलवला. त्यानंतर कोणी आमच्या गजाकडे बघितलं नाही. तो दगड अजून तिथं असेल.

आत आलो. बटण दाबलं.

टेकडी, सुळका, टेकडी. स्वच्छ. सुईचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. टेकडी, सुळका, टेकडी. मग एक सुळका घाईघाईनं आधीच आला, बेढब, रुंद, त्यामागं मोठी मोकळी जागा, आणि परत टेकडी, सुळका, टेकडी.

"ते ठेचकाळलं," नवरा खाटेवरून म्हणाला. त्याला ते आत कळलं होतं आणि आम्हाला त्याच क्षणी कागदावर दिसलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. मी थट्टेखोर माणूस, पण आला.

डॉक्टरसाहेबांनी कागद उजेडाकडे धरला. मग दुसरी तार जोडून रेघ काढली, मग तिसरी, मग छातीवरच्या. कागद लांबत गेला, जमिनीवर लोळला. बायको जाळीला धरून उभी होती. तिची बोटं जाळीच्या भोकांतून आत आलेली होती आणि राखेनं काळी झाली होती. डॉक्टर कागद पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले. मला वाटलं आता हा माणूस सांगेपर्यंत दोघंतिघं तरी इथं काळजानं जातील.

"चहा किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाजंवर पडून दुसरं काय करायचं?" तो म्हणाला.

"तंबाखू?"

त्यानं बायकोकडे बघितलं. ते उत्तर पुरेसं होतं.

"तो एखादा ठोका लवकर येतो, एवढंच," डॉक्टर म्हणाले. "खूप जणांना येतो. चहा-तंबाखू कमी केला तर कमी होईल. काळजाला जखम नाही. कुठंही नाही."

"थोरल्यागत न्हाई?"

"थोरल्यासारखं नाही. तुम्ही चाला. मेंढरांमागं चाललात तर चांगलंच आहे."

त्याचे हात दोन्ही बाजूंना तसेच पट्ट्यांत बांधलेले. त्यानं डोळे मिटले आणि पडून राहिला, एकदम सैल, कितीतरी महिन्यांनी झोपल्यासारखा. डॉक्टरसाहेब हलकेच मागं सरकले. चाचांनी टोपी सारखी केली. खोलीत नुसती सुई टिकटिकत होती. आणि बायको, जाळीला धरून, डोळ्यांतलं पाणी गालावरच्या राखेत मिसळू देत म्हणाली, "मंग पडून काय ऱ्हायलाव? उठा की. मेंढरं काय जल्मभर मी एकलीनंच वळायची?"